बावीस फुटी शिडाच्या बोटीत पाच माणसं : आईसकट सगळ्यांची सोय कशी करावी?

तापीकाठ (शहादा) · ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. माझं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. त्याआधी अकरा वर्षं मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कामावर होतो, शीड हाताळायला तिथेच शिकलो. गावी परतल्यावर तीन पावसाळे घालून वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये एक शिडाची बोट बांधली. मरीन प्लाय, इपॉक्सी आणि वरून काचधाग्याचं कापड. लांबी २२ फूट, म्हणजे ६.७ मीटर. रुंदी २.४ मीटर. पोटातली कील, म्हणजे तळाखालचं उभं पातं, वर उचलता येते, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही काठाला लागते. उकाई धरणाच्या फुगवट्यावर, नवापूरच्या बाजूला, रीतसर परवानगी काढून चालवतो.

बोट चालते उत्तम. अडचण आत आहे.

केबिनमध्ये मी पाच बर्थ बसवले. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, इंग्रजी व्हीच्या आकाराचे दोन, मध्ये दोन्ही बाजूंना एकेक आणि कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या) खाली सरपटत जायचं असा एक. माणसं पाच, बर्थ पाच, म्हणून मी निर्धास्त होतो. गुढीपाडव्याला जोडून सुट्टी होती तेव्हा आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि माझी आई असे दोन दिवस निघालो. आईचं वय ७२, दोन्ही गुडघे दुखतात.

त्या रात्री कोणी झोपलं नाही. कॉकपिटखालच्या बर्थवर बायकोचा जीव घुसमटला. मुलगा दोनदा खाली पडला. प्रत्येकाला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागत होतं. पण हे सगळं मी सहन केलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला चक्कर आली तेव्हा कळलं की तिने आदल्या सकाळपासून जेमतेम दोन पेले पाणी प्यायलं होतं. विचारलं तर म्हणाली, "प्यायले असते तर जायला लागलं असतं. कुठे जाणार होते मी?"

सहा महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. टॉयलेट म्हणून मी एक बादली ठेवली होती आणि काठाला लागू तेव्हा बघू, असं ठरवलं होतं. माझं आणि मुलाचं भागलं. मार्चमध्ये पाणी उतरलेलं, काठाला चिखल, आई खाली उतरूच शकत नव्हती.

आता दिवाळीनंतर तीन-चार दिवस जायचं आहे. बोट शेडमध्ये आणली आहे, आतलं सगळं तोडून नव्याने करायची तयारी आहे. ज्यांनी लहान बोटीत कुटुंब नेलं आहे त्यांनी सांगावं.

---

पिंप्राळ्याचा · ५ ऑक्टोबर, रात्री ११:०२

काम सुंदर आहे दादा. पण २२ फुटांत पाच जण म्हणजे दाटीच होणार. तीस फुटी बोट घ्या किंवा आईंना घरी ठेवा.

---

तापीकाठ (शहादा) · ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आईला घरी ठेवायचं नाही. उकाईचं पाणी चढलं तेव्हा तिच्या मामाचं गाव त्यात गेलं. धरण १९७२ साली पूर्ण झालं, ती त्या वेळी विशीच्या आतबाहेरची. त्या पाण्यावरून एकदा निवांत फिरावं हे तिचं स्वतःचं म्हणणं होतं. बोटीचं वेड माझं, पण तिकडे जायची ओढ तिची.

मोठ्या बोटीचं म्हणाल तर नुसती लांबी बघून चालत नाही. सगळी मापं त्याच प्रमाणात वाढली की आतली जागा घनाने वाढते. २२ वरून ३० फुटांवर गेलं की साधारण अडीच पट बोट होते. वजन, शीड, खर्च सगळं त्याच्यामागून येतं. शिवाय मला ती शहाद्याहून ट्रेलरवर न्यायची असते. रस्त्यावर वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या वर चालत नाही, हे ट्रॉलीवाल्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे आहे त्याच बोटीत बसवायचं आहे.

---

अमळनेरचे_नाना · ६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. निवृत्तीनंतर मित्राच्या २६ फुटी शिडाच्या बोटीत मांडव्यापासून दाभोळपर्यंत चार-पाच वेळा गेलो, त्यातल्या दोन खेपांना सोबत कुटुंबं होती. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

पहिली गोष्ट. बर्थ मोजू नका. विकणारे लोक बोटीत किती जण झोपतात ते लिहितात, पण पाच जण झोपलेत आणि त्यातला एक रात्री उठला तर काय होतं ते लिहीत नाहीत. तुम्ही स्वतःच ते भोगलंत.

कॉकपिटखालचा बर्थ झोपण्यातून काढून टाका. समुद्रावर तोच बर्थ सगळ्यात चांगला असतो, कारण बोटीची हालचाल तिथे कमी आणि माणूस खोबणीत बसल्यासारखा घट्ट राहतो. पण तुम्ही रात्री नांगरावर असता आणि खान्देशात असता. तिथे हवा पोहोचत नाही. ती जागा सामानाला द्या.

मग त्या माणसाने झोपायचं कुठे? कॉकपिटमध्ये. समोरासमोरच्या दोन बाकांच्या आतल्या कडेला एकेक पट्टी ठोका आणि मधल्या पोकळीवर बसतील अशा फळ्या करा. दिवसा त्या फळ्या केबिनमध्ये गादीखाली राहतील. रात्री टाकल्या की दोन माणसांचा ऐसपैस पलंग होतो. वर बूमवरून (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावरून) ताडपत्री टाकून दोन्ही बाजूंनी कठड्याच्या दोऱ्यांना बांधा, आत मच्छरदाणी. मी आयुष्यात ज्या उत्तम झोपा घेतल्या त्यातल्या काही अशा फळ्यांवर घेतल्या आहेत.

मुलगा पडतो त्याला उपाय सोपा. बर्थच्या उघड्या बाजूला जाड कापड गादीखालून घेऊन वर छताच्या कड्यांना ताणून बांधायचं. पोर झोळीत असल्यासारखं राहतं. आम्ही जहाजावर वादळात गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सारायचो. कड उचलली जाते आणि माणूस भिंत आणि गादीच्या बेचक्यात अडकून शांत झोपतो. तुमच्या मुलाला आजच्या आज तेवढं पुरेल.

गादीखाली सपाट प्लाय असेल तर त्याला भोकं पाडा, किंवा पट्ट्या टाका. खालून हवा खेळली नाही तर गादी रात्रीच्या दमटपणाने भिजते आणि बुरशी धरते.

हवेचं आणखी एक. नांगर नाळेवरून टाकलेला असला की बोट तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते. म्हणून पुढचं झाकण असं बसवा की ते पुढच्या बाजूला उघडेल. वारा आपोआप आत शिरतो आणि मागच्या दारातून निघून जातो. तुमचं झाकण मागे उघडतं का पुढे?

---

तापीकाठ (शहादा) · ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

नाना, मागे उघडतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तसं केलं होतं. बिजागऱ्या फिरवतो.

पट्ट्यांचं सुचवलंत ते फार आवडलं. आजोबांचं धाब्याचं घर उतरवलं तेव्हाच्या सागवानी कड्या शेडमध्ये पडून आहेत. त्यांच्या पट्ट्या काढतो.

---

धुळेकरीण · ६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नानांनी झोपेचं सांगितलं, मी ज्याविषयी कोणी बोलत नाही त्याविषयी बोलते.

माझे यजमान सैन्याच्या इंजिनिअर शाखेत होते. पुण्यात असताना आम्ही दोघं शीड चालवायला शिकलो, पुढे दोन लहान मुलांना घेऊन बरेच दिवस पाण्यावर काढले. तापीकाठ, तुम्ही पाच बर्थ आधी बसवलेत आणि टॉयलेट नंतर बघू म्हणालात. उलट करा. टॉयलेटची जागा आधी ठरवा, त्यातून जे उरेल त्यात झोपायचं बघा. हे एकट्या आईंसाठी नाही. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला पाळी आलेली असेल किंवा येईल. वडील आणि भाऊ चार फुटांवर बसलेले असताना तिने बादली वापरायची? तीही पाणी पीत नसेल, तुम्ही विचारलं नसेल इतकंच. तुमच्या पत्नीलाही विचारा.

मधल्या दोन बर्थपैकी एक पूर्ण काढा. त्या जागेत दाराजवळ पोर्टेबल टॉयलेट बसतं. वर बसायची जागा आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खाली साठवणीची टाकी, मध्ये सरकती झडप. झडप बंद असली की वास येत नाही. पण ही टॉयलेटं बुटकी असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्यावरून उठता येत नाही. खाली लाकडी पाट करून उंची ४५ सेंटीमीटरवर आणा आणि दोन्ही हातांना धरायला दांडे लावा. दांडे स्क्रूने नको, आरपार बोल्टने, कारण त्यावर पूर्ण वजन येणार आहे. भोवती छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा. पारदर्शक नको, अर्धा नको. आणि एक नियम करा : पडदा ओढला की उरलेले सगळे बाहेर कॉकपिटमध्ये. आमच्याकडे हा नियम मुलांनीही कधी मोडला नाही.

खालची टाकी जलाशयात रिकामी करायची नाही, हे सांगायची गरज नसावी. ते पाणी लोक पितात. घरी आणून संडासात ओतायची.

सामानाचं : प्रत्येकाला एक कापडी पिशवी, सगळ्यांना सारखी. सुटकेस आणू नका, ती रिकामी झाली तरी तेवढीच जागा खाते. पिशवी कोपऱ्यात कोंबता येते आणि उशीसारखी वापरता येते. कांदे, केळी, ओले टॉवेल छताला जाळीत टांगा.

---

मन्हा_खान्देश · ७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दादा, मन्ही माय बी अशीच शे. लगीनले गाडीमा जावानं ऱ्हायनं का सकायपाशी पानी पीत नही, रस्तामा थांबानं पडी म्हनीसन. तुम्ही पहिले माय ले ईचारा, मंग बोट बनाडा.

---

चोपड्याची_डॉक्टर · ७ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

वरच्या प्रतिसादाला जोडून लिहिते, कारण हे मी दवाखान्यात रोज बघते. एसटीच्या प्रवासाआधी, लग्नात, शेतात कामाला जाताना बायका पाणी तोडतात. वयस्कर माणसाला तहान मुळातच कमी लागते. त्यात आपल्याकडचं ऊन आणि पाण्यावरून परतणारा प्रकाश. आईंना रक्तदाबाची गोळी असेल आणि ती लघवी वाढवणारी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सहलीआधी विचारा. गोळी मनाने बंद करू नका. त्यांना स्वतःची वेगळी बाटली द्या, म्हणजे किती गेलं ते सगळ्यांना दिसेल आणि सारखं विचारावं लागणार नाही. मीठ-साखर पाण्याची पाकिटं ठेवा.

मळमळ होत असेल तर केबिनमध्ये आडवं पाडू नका. बोटीच्या मधोमध, उघड्या हवेत बसवा आणि लांबचा काठ बघायला सांगा. मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. वयस्करांना कोणती द्यायची ते तपासूनच.

---

तापीकाठ (शहादा) · ९ ऑक्टोबर, रात्री ११:४०

तीन दिवस लिहिलं नाही, कारण मन्हा_खान्देश यांनी सांगितलं तेच करत होतो.

शेडच्या फरशीवर खडूने केबिनचा खऱ्या मापाचा आराखडा काढला. बर्थच्या जागी विटा आणि फळ्या मांडल्या, छताच्या उंचीवर दोरी ताणली. माझी केबिन आतून १.३५ मीटर उंच आहे, त्यामुळे उभं राहता येतच नाही. मग घरच्या सगळ्यांना बोलावलं आणि आईला म्हटलं, यात तुला जसं हवं तसं सांग.

आई अर्धा तास त्यात बसली, उठली, आडवी झाली, पुन्हा उठली. तिने जे सांगितलं त्यातलं मला एकही सुचलं नव्हतं. बर्थ उंच हवा, पाय जमिनीला टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील इतका. डोकं दाराकडे हवं, बाहेरचं आभाळ दिसलं तर कोंडल्यासारखं होत नाही. रात्री उठून पडद्यामागे जायला कोणाला ओलांडावं लागू नये, कोणाला उठवावं लागू नये, आणि दिवा लावावा लागू नये. हाताला धरायला एक सलग दांडा असला तर अंधारातही जाईन, म्हणाली. शेवटी म्हणाली, "बोटीत चढताना दोघांनी काखेत धरून उचललं होतं, तसं नको. मला माझी चढू दे."

मुलीने बाजूला घेऊन सांगितलं की तिलाही त्या वेळी पाणी प्यावंसं वाटलं नव्हतं. धुळेकरीण, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता ठरलेला आराखडा : डावीकडे दाराजवळ आईचा बर्थ, ४५ सेंटीमीटर उंच. समोर उजवीकडे टॉयलेट आणि पडदा, मध्ये दीड पाऊल. नाळेकडे दोन्ही मुलं. आम्ही दोघं कॉकपिटमध्ये नानांच्या फळ्यांवर. पाच बर्थचे तीन झाले.

---

जळगावी_अभियंता · १० ऑक्टोबर, सकाळी १०:२०

आराखडा चांगला आहे. वजनाचा हिशेब केलात का? तुमच्या बोटीचा पाण्याला टेकणारा आडवा छेद अंदाजे ८ चौरस मीटर धरतो. म्हणजे गोड्या पाण्यात दर ८० किलोला बोट एक सेंटीमीटर खाली बसते. पाच माणसं २५० किलो धरली तर तीन सेंटीमीटर तिथेच गेले. मागच्या वेळी सामान किती होतं?

---

तापीकाठ (शहादा) · ११ ऑक्टोबर, रात्री ८:०५

आज सगळं पुन्हा गोळा करून कापसाच्या वजनकाट्यावर टाकलं. पाण्यासकट २१४ किलो. मला ७०-८० वाटत होतं. लोखंडी तवा, दोन कढया, सहा ताटं, स्टीलचे डबे, तीन सतरंज्या, चार गाद्या, न वाचलेली पुस्तकं, हत्यारांची पेटी ३१ किलो. ती पेटी माझी.

---

जळगावी_अभियंता · ११ ऑक्टोबर, रात्री ९:३०

म्हणजे जवळपास सहा सेंटीमीटर, आणि बहुतेक सगळं मागच्या भागात, कारण दार तिथे आहे. माणसंही तिथेच बसतात. मागची पाटी (बोटीची मागची सपाट भिंत) पाण्यात बुडून पाणी ओढते, बोट जड चालते आणि सुकाणूही जड होतं. जड वस्तू कीलच्या पेटीला लागून, तळाशी. पाणी सगळ्यात जड, म्हणून पाणी मधोमध. एक २० लिटरचा जार सांडला-फुटला तर सगळं जातं, म्हणून पाच-पाच लिटरचे कॅन घ्या. मुलगीही उचलू शकेल. माणशी दिवसाला ४ लिटर धरा, पिणं आणि स्वयंपाक मिळून. तीन दिवसांचे ६० लिटर. धुण्यापुसण्याला जलाशयाचं पाणी वापरा.

सतरंज्या आणि जाड गाद्यांऐवजी आपल्या जळगावच्या प्लास्टिकच्या चटया न्या. वजन नाही, भिजत नाहीत, झटकल्या की वाळू निघून जाते, उन्हात कॉकपिटच्या फरशीवर टाकल्या तर पाय भाजत नाहीत.

---

अमळनेरचे_नाना · १२ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

स्वयंपाकाचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. केबिनमध्ये गॅस सिलिंडर ठेवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून थोडाफार निघून तरी जातो; बोटीच्या तळाला वाट नसते, तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. इंजिनाचं पेट्रोलही केबिनबाहेरच. तुम्ही रोज संध्याकाळी काठाला लागणार असाल तर चूल काठावर मांडा. बोटीत फक्त चहा, तोही कॉकपिटमध्ये, स्पिरिटच्या शेगडीवर.

भाजी-आमटी प्रेशर कुकरमध्येच करा आणि झाकण लावून बोटीत आणा. बोट कितीही कलली तरी सांडत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भाजलेले बिबडे यावर दोन दिवस सहज निघतात. कळण्याची भाकरी पहिल्या दिवसापुरती न्या.

आता कलण्याविषयी. तुम्हाला आणि मला बोट २५ अंश कलली की मजा येते. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला १५ अंशांपुढे स्वतःला सावरत बसावं लागतं, आणि अर्ध्या तासात ती दमते. म्हणून वारा वाढायची वाट न बघता शीड आधीच लहान करा. तापीचं खोरं सातपुडा आणि सातमाळ्याच्या मध्ये पन्हाळीसारखं आहे, पश्चिमेचा वारा त्यातून ओढला जातो; ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. दिवाळीनंतर वारा हलका असेल, तरी दुपारनंतर लक्ष ठेवा. वाऱ्याच्या दिशेने किंवा आडवं जायचं असेल तेव्हा मुख्य शीड उतरवून नुसतं पुढचं शीड ठेवलं तरी बोट चालते, आणि डोक्यावरून बूम फिरायची भीतीच उरत नाही. मुख्य शीड लावलंच तर आईंना केबिनच्या दाराला लागून बसवा. तिथे बूम कमी फिरते आणि बोटही कमी हलते.

मुलांची लाइफ जॅकेट मांडीतून पट्टा येणारी आणि मानेमागे कॉलर असलेली घ्या. पट्टा नसला की पोर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि पोर खाली जातं. आईंनाही जॅकेट. पोहता येतं म्हणून तुम्ही टाळू नका.

---

दर्याकाठी (हर्णै) · १२ ऑक्टोबर, रात्री १०:३०

खान्देशात शिडाच्या बोटीवर एवढी चर्चा चालू आहे हे बघून थांबलो. चढण्याबद्दल आमच्याकडची रीत सांगतो. बोट काठाला आडवी लावू नका. नाळ काठाकडे करा, मागून नांगर टाकून ताण घ्या, मग ती हलत नाही. एक फूट रुंद फळी, तिच्यावर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या, आणि एका बाजूला बांबूचा कठडा. पट्ट्यांमुळे चिखलाचा पाय घसरत नाही. म्हाताऱ्या कोळणी डोक्यावर टोपली घेऊन तशा चढतात.

लहान बोटीला कोणी कमी समजू नये. १९६८-६९ साली एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बोट, सुहेली, ३२ फुटी होती आणि आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती. ३१२ दिवस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यात राहिला. तुमच्या आजोबांच्या कड्या योग्य जागी लागल्या आहेत.

---

तापीकाठ (शहादा) · २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

परत आलो. चार दिवस ठरवले होते, तीन दिवस दोन रात्री झाल्या. सविस्तर लिहितो, कारण हे सगळं तुमच्यामुळे झालं.

सामान १३२ किलोवर आणलं, पाण्यासकट. हत्यारांची पेटी सहा किलोची झाली. बोटीचा चालण्यातला फरक सुकाणूवर हात ठेवताच कळला.

आई फळीवरून स्वतः चढली. बांबूला धरून, एकेक पट्टी मोजत. मी पाण्यात उभा होतो, हात पुढे केला नाही. वर पोहोचून ती वळून बघत थोडा वेळ उभी राहिली.

जे जमलं नाही ते आधी. पहिल्या रात्री डोंगराकडून वारा उतरला आणि ताडपत्री तासभर फडफडत राहिली. मी दोन्ही बाजू बांधल्या होत्या, पुढची कड मोकळी होती. उठून ती मास्टला (डोलकाठीला) आवळली तेव्हा थांबली. मच्छरदाणी मी मापापेक्षा लहान शिवून घेतली, पायाकडून डास आले. पहाटे गोधड्या दवाने ओल्या झाल्या. मुलीला कपडे बदलायला पडद्यामागची जागा अपुरी पडते. मुलांच्या बर्थपुढे आणखी एक पडदा लावायचा आहे. आणि पाण्याखाली बुडालेल्या झाडाच्या खुंटाला कील एकदा जोरात लागली. उचलता येते म्हणून निभावलं. तिथल्या मासेमारी करणाऱ्या दादांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुढे राहून वाट दाखवली आणि जाळी कुठे आहेत तेही सांगितलं. पुढच्या वेळी निघण्याआधीच त्यांना विचारणार.

फळ्यांवर आम्ही दोघं झोपलो. बायको म्हणाली, घरच्यापेक्षा बरं. पुढचं झाकण आता पुढे उघडतं, रात्रभर केबिनमध्ये हवा होती. मुलगा एकदाही पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या शिडाची दोरी दिली. तीन तास त्याने ती सोडली नाही, आणि "कंटाळा आला" हा शब्द ऐकू आला नाही. मुलगी दार आणि आजीचा बर्थ यांच्यामधल्या कोपऱ्यात उशी लावून वाचत बसायची. त्या कोपऱ्याचा मी आराखड्यात विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नुसत्या पुढच्या शिडावर आडव्या वाऱ्यात हळूहळू गेलो, दहा अंशही कलली नसेल. आई दाराला पाठ टेकून बसली होती. एका टेकाडाकडे बोट करून म्हणाली, त्याच्या पलीकडच्या उतारावर मामांचं गाव होतं, विहिरीवर चिंच होती. मी शीड सैल सोडलं. बोट जवळजवळ थांबली. तिने मुलांना घरं कशी ओळीने होती ते सांगितलं, कोणाच्या अंगणात काय होतं तेही. आम्ही तिथे तासभर होतो.

---

धुळेकरीण · २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

वाचून फार बरं वाटलं. एक विचारते : आई रात्री उठल्या का?

---

तापीकाठ (शहादा) · २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

हो. दोन्ही रात्री दोनदा उठली, असं सकाळी तिनेच सांगितलं. आम्हाला कोणालाही कळलं नाही. दिवा लावला नव्हता.

आणि जळगावी_अभियंता, तुमचे ६० लिटर शेवटच्या दिवशी दुपारीच संपले. काठाला लागेपर्यंत मुलांना एकेक घोट वाटून दिला. आधी मला वाटलं कॅन गळला. मग आईची बाटली बघितली. ती दिवसातून तीनदा भरून घेत होती, आणि संध्याकाळी चहाही दोनदा मागत होती. पुढच्या वेळी ७५ लिटर धरतो. १५ किलो कुठून कमी करायचे ते सुचवा. ताडपत्रीचे लोखंडी खुंटे काढले तर चार-पाच निघतील, बाकीचं अजून बघतो आहे.